शिष्यवृत्तीचा कागद: बडोद्याची जुनी गोष्ट आणि आजची काही कामाची माहिती

मध्यंतरी मंडळाच्या एका कार्यक्रमानंतर चहा घेताना एक सभासद आमच्याजवळ आले. त्यांची मुलगी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात चार वर्षे नोकरी करते. तिला एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी इंग्लंडला जायचे आहे. "मांजलपूरचा फ्लॅट तारण ठेवला तर बँक किती देईल हो?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही सवयीप्रमाणे मार्जिन किती, व्याज कधीपासून लागते, तारणाचे मूल्यांकन कोण करतो हे सगळे घडाघडा सांगून टाकले. घरी आल्यावर मात्र जेवणात लक्ष लागेना. फ्लॅट तारण न ठेवता हा खर्च दुसरे कोणी उचलेल का, हे त्या गृहस्थांनी विचारले नव्हते आणि आम्हीही सुचवले नव्हते.

खरे सांगायचे तर बँकेत असतानाही आम्ही ते कधी सुचवले नाही. शैक्षणिक कर्जाचे टेबल आमच्याकडे बरीच वर्षे होते. निवृत्तीच्या काठावरचे वडील, भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे, आईच्या नावावरचे घर आणि जामीनदार म्हणून मामा, अशी कितीतरी प्रकरणे आम्ही मंजुरीला पाठवली. नियमाप्रमाणे सगळे चोख. पण त्यातल्या काही मुलांना दोन-चार वर्षांच्या नोकरीचा अनुभव होता आणि अशा मुलांसाठीच परदेशी सरकारांच्या आणि विद्यापीठांच्या पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या असतात, हे त्या वेळी आम्हालाच धड ठाऊक नव्हते. शिष्यवृत्ती म्हणजे बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाला मिळणारी गोष्ट, अशी आपल्या पिढीची समजूत. निवृत्तीनंतर सवड मिळाली, वाचन झाले, म्हणून आता लिहीत आहोत.

गंमत म्हणजे नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला परदेशी विद्यापीठात पाठवून परत आणण्याची पद्धत आपल्या गावाला काही नवीन नाही. तिचे देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण बडोद्याचेच आहे.

१९१३ सालची गोष्ट. भीमराव आंबेडकर बावीस वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोदे संस्थानची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. ती मिळवून देण्यात कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचा शब्द होता. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण पंधरवड्यातच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. घरची जबाबदारी अंगावर, आणि नोकरी जेमतेम पंधरा दिवसांची. अशा वेळी सयाजीराव महाराजांनी काही तरुणांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले आणि त्यात आंबेडकरांची निवड झाली.

या निवडीच्या वेळी महाराज आणि आंबेडकर यांच्यात झालेले बोलणे चरित्रकारांनी नोंदवले आहे. कोणता विषय शिकणार, या प्रश्नाला आंबेडकरांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त असे उत्तर दिले. शिकून काय करणार, असे महाराजांनी विचारले, तेव्हा आपल्या समाजाची स्थिती कशी सुधारावी याचा मार्ग या अभ्यासातून सापडेल, असे त्यांनी सांगितले. त्यावर महाराज हसले. आमची नोकरीही करायची, अभ्यासही करायचा आणि समाजसेवाही, हे सगळे जमणार कसे, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. आज परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. विषय कोणता, तोच का, परत येऊन काय करणार, आणि ते खरोखर जमेल का, हे चार प्रश्न शंभर वर्षांत बदललेले नाहीत.

४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. अभ्यास नेमून दिलेल्या विषयांचाच करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, या अटी. तेव्हा पौंडाचा भाव पंधरा रुपये होता, म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये झाले. त्यातूनही ते घरी पैसे पाठवत, हे आम्हाला बँकेच्या माणसाला विशेष वाटते. (पुढे रुपयाच्या याच विनिमय दराचा प्रश्न घेऊन त्यांनी लंडनला डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला आणि तो १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात चलनाचा धडा होता, पण हे नाव त्यात नव्हते.)

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तीन वर्षांत केलेले काम पाहिले की थक्क व्हायला होते. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. पीएच.डी.चा प्रबंध १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील पुस्तक म्हणून छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. ते पुस्तक सयाजीराव महाराजांना अर्पण केलेले आहे.

मधल्या काळात मात्र शिष्यवृत्ती संपली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. वर्षभरात मुदत संपली आणि अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. पुस्तके ज्या जहाजाने पाठवली ते पाणतीराने बुडाले. सामानाच्या नुकसानभरपाईचे पैसे आले, त्यातून बडोद्याला येण्याचा खर्च भागला, असे चरित्रात आहे.

आणि मग बडोदे.

पदवी कोलंबियाची, नेमणूक महाराजांच्या लष्करी सचिवाच्या कामावर, पुढे अर्थखात्याची जबाबदारी द्यायचा विचार. पण गावात राहायला जागा नाही. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. एका पारशी उतारगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. त्यांनी दोन मित्रांकडे जागा मागितली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनी आपापल्या परीने नकार दिला. मुंबईची गाडी रात्रीची होती. ती येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात सांगितली आहे. पुढे केळुस्करांनी बडोद्यातल्या एका प्राध्यापकाकडे त्यांची राहण्याची सोय ठरवली होती. आंबेडकर पुन्हा बडोद्याला आले, तर स्टेशनवर चिठ्ठी हाती पडली की घरच्या मंडळींचा विरोध आहे.

कामाठी बाग म्हणजे आपली सयाजीबाग. आपण तिथे सकाळी फिरायला जातो, नातवंडांना छोट्या आगगाडीत बसवतो. आता तिथे संकल्पभूमी आहे आणि दर २३ सप्टेंबरला दूरदूरहून माणसे येतात. १९१७ मध्ये आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा याच गावात दांडिया बाजारात, रावपुऱ्यात राहत होते. संस्थानच्या नोकरीत होते. घरे मोठी होती. हे लिहायला बरे वाटत नाही, पण शिष्यवृत्तीची अर्धीच गोष्ट सांगून उरलेली गाळणेही बरोबर नाही.

करार दहा वर्षांच्या नोकरीचा होता आणि उताराच्या जागेतला मुक्काम अकरा दिवसांचा ठरला. महाराजांनी तिकिटाचे, फीचे आणि दरमहाच्या खर्चाचे पैसे दिले, करार केला, पण परतलेल्या माणसाला गावाने घर दिले नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर करताना कागद पूर्ण होते, पण प्रकल्पाची जागा कोणी पाहिली नव्हती. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण त्यांनी १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर पुरे केले.

आता आजच्याकडे वळू. सगळ्यांची यादी देत नाही, तीन-चार ठळक तेवढ्या सांगतो. अटी आणि तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षीचे अधिकृत पत्रक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या लेखावर विसंबून तर मुळीच नको.

ब्रिटिश सरकारची चिवनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून सुरू आहे. आमच्या सभासदाच्या मुलीला लागू पडणारी हीच. कोणत्याही ब्रिटिश विद्यापीठातील एक वर्षाचा मास्टर्स अभ्यासक्रम. फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे त्यांचे. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि तो तासांत मोजतात, एकूण २८०० तास. अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरले जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि शरद ऋतूतच बंद होतात. म्हणजे गणपतीच्या गडबडीतच निबंध लिहावे लागतात. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षे राहण्याची अट आहे.

जर्मनीच्या डाडकडून विकसनशील देशांतील नोकरदार पदवीधरांसाठी ठरावीक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती मिळते. जलव्यवस्थापन, नगररचना, सार्वजनिक आरोग्य, ऊर्जा अशा विषयांचे हे अभ्यासक्रम आहेत आणि बरेचसे इंग्रजीत चालतात. इथेही दोन वर्षांचा अनुभव लागतो. पण शेवटची पदवी घेऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, अशी अट असते. 'अजून थोडा अनुभव घेऊ, मग बघू' असे म्हणणारी मुले इथेच अडकतात. दोन वर्षांच्या आधी दार उघडत नाही आणि सहानंतर बंद होते.

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप आहे. किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव लागतो. इथे आपल्या मुलांना नडणारी गोष्ट पदवीची. आपली बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. तीन वर्षांची आणि त्यांना अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीशी बरोबरी हवी. त्यामुळे तीन वर्षांची पदवी असेल तर सोबत पदव्युत्तर पदवी किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. नुसत्या बी.कॉम.वर आमच्यासारख्याला तिथे दारात उभे केले नसते! ज्यांची नोकरी पाच वर्षांची किंवा त्याहून जास्त झाली आहे त्यांच्यासाठी हम्फ्री फेलोशिप निराळी. ती दहा महिन्यांची असते आणि तिच्यात पदवी मिळत नाही, अभ्यास आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो.

आपल्या केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत. आपल्या मंडळात पात्र कुटुंबे आहेत आणि आमच्या माहितीत अजून एकानेही अर्ज केलेला नाही. जे. एन. टाटा एंडाउमेंट ही १८९२ पासूनची संस्था. ती देते ती शिष्यवृत्ती म्हणजे खरे तर कर्जच असते आणि परत करावे लागते, हे ध्यानात ठेवावे. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिच्या अगदी पहिल्या लाभार्थींपैकी होत्या. मुलीला कशाला एवढ्या लांब, असे अजूनही आपल्याकडे कानावर येते, म्हणून मुद्दाम नाव सांगितले.

अर्ज कसा करावा याबद्दल थोडे. कागदपत्रे जमवायला वाटते त्यापेक्षा फार वेळ लागतो. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा. तो मिळायला काही आठवडे धरावेत. जुन्या कंपनीचे अनुभवपत्र नोकरी सोडतानाच घ्यावे, नंतर कंपनीच सापडत नाही, हे आम्ही घरातल्या अनुभवावरून सांगतो. शिफारसपत्र देणारा माणूस मोठ्या हुद्द्याचा असण्यापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेला असावा. 'होतकरू व मनमिळाऊ आहे' अशी चार ओळींची पत्रे आम्ही स्वतःही पुष्कळांना लिहून दिली आहेत. त्यांचा काही उपयोग झाला नसणार, हे आता कळते.

निबंधांचा भाग अवघड जातो तो भाषेमुळे नव्हे. आपल्या घरात स्वतःबद्दल बोलणे म्हणजे बढाई, असे शिकवलेले असते. त्या मुलीने पहिला मसुदा आम्हाला दाखवला तेव्हा सगळीकडे 'आमच्या टीमने केले' असे होते. खोदून विचारले तेव्हा कळले की कारखान्याच्या सांडपाण्याची रोजची तपासणी तिनेच सुरू करवली, त्यासाठी वरिष्ठांशी दोन महिने वाद घातला आणि शेवटी ती पद्धत दुसऱ्या युनिटनेही घेतली. हे निबंधात का नाही? "बाबा म्हणाले, फार मी-मी वाटतं." बाबा शेजारीच बसले होते. परीक्षकाला नेमके तेच हवे असते: तुम्ही स्वतः काय केले, कोणी अडवले, मग काय झाले. आकडे असतील तर आकडे. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' हे वाक्य मात्र काढून टाकावे, ते प्रत्येकाच्या निबंधात असते.

आता बंधपत्राबद्दल. परत येण्याची अट वाचून काही पालक बिचकतात, तर काही 'नंतर बघू' म्हणून सही करतात. दोन्ही बरोबर नाही. फुलब्राइटवर जाणाऱ्याला जे-१ व्हिसा मिळतो आणि अभ्यास संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय तिथल्या नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. ज्याला तिकडेच स्थायिक व्हायचे आहे त्याने ही वाट धरू नये, सरळ कर्ज काढावे. त्यात काही गैर नाही. मात्र परत यायचेच असेल तर कुठे, कोणत्या कामावर, हे जाण्याआधी ठरवायला हवे. सध्याची कंपनी रजा देईल की राजीनामा द्यावा लागेल, परतल्यावर जागा राहील का, हे लेखी घ्यावे. परतल्यानंतरच्या सोयीचे कोणी पाहिले नाही तर काय होते, ते आपल्याच गावात एकदा झालेले आहे.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर? स्पर्धा मोठी असते, बहुतेकांना मिळत नाही आणि पुष्कळांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मिळते. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करायला काही पैसे पडत नाहीत. थांबायचेच नसेल तर कर्ज आहेच, पण हिशेब समजून घ्या. सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यावर मालमत्ता तारण द्यावी लागते. परदेशासाठी १५ टक्के रक्कम आपली. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. ३० लाख एकदम उचलले आणि दर १० टक्के धरला, तर एक वर्षाचा अभ्यास आणि एक वर्षाची सवलत मिळून साध्या व्याजानेच ६ लाख होतात, पहिला हप्ता भरायच्या आधी. आयकरात ८०ई कलमाखाली व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेतली असेल तर नाही.

त्या मुलीचा मसुदा आता तिसऱ्या फेरीत आहे. बाबांनी 'मी' या शब्दावरची हरकत मागे घेतली आहे आणि फ्लॅटचे कागद तूर्त कपाटात आहेत. इतर कोणाच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही मंडळाच्या कार्यालयात असतो. येताना गुणपत्रिकांच्या प्रती, अनुभवपत्रे आणि लिहिला असेल तेवढा निबंध घेऊन या. पालक आले तरी चालतील, पण प्रश्नांची उत्तरे मुलांनीच द्यायची.